पोटॅशियमचं आकुंचन गेलं, ॲसिटिलकोलीनचं राहिलं: श्वासनळीच्या स्नायूला हुकूम नक्की कोण देतं?

रत्नागिरी_तिसरं_वर्ष

नमस्कार. बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी बोकडाच्या श्वासनळीची पट्टी ऑर्गन बाथमध्ये (ऊती जिवंत ठेवून तिची ओढ मोजायच्या भांड्यात) लावली आहे. मटणवाल्याकडून पहाटे ताजी श्वासनळी घेतो आणि बर्फात गार केलेल्या क्रेब्जच्या द्रावणात (ऊती जिवंत ठेवणारं क्षारांचं पाणी) बुडवून आणतो. कूर्चेच्या नालेसारख्या कड्यांची दोन टोकं जोडणारा मागचा मऊ पडदा असतो, त्यातून ३ मिलिमीटर रुंद आणि साधारण १० मिलिमीटर लांब अशी आडवी पट्टी कापतो. बाथ २० मिलिलिटरचा, तापमान ३७ अंश, ताण १.५ ग्रॅम. दर १५ मिनिटांनी द्रावण बदलत ७५ मिनिटं स्थिरावू देतो.

पोटॅशियम क्लोराइड ६० मिलिमोलर दिलं की पट्टी हळूहळू आवळते आणि आवळलेलीच राहते. ॲसिटिलकोलीन (चेतांच्या टोकांतून सुटणारं संदेशाचं रसायन) १०० मायक्रोमोलरला आकुंचन दुपटीहून जास्त येतं. मग निफेडिपिन (कॅल्शियम चॅनेल बंद करणारं औषध) १ मायक्रोमोलर घालून २० मिनिटं थांबलो. पोटॅशियमचं आकुंचन जवळजवळ गेलं. ॲसिटिलकोलीनचं मात्र थोडंसंच कमी झालं.

आमच्या पुस्तकात बाण असे आहेत: संदेश आला, पेशीपटलाचा व्होल्टेज बदलला, कॅल्शियम चॅनेल उघडली, कॅल्शियम आत आलं, स्नायू आवळला. निफेडिपिनने तेच दार बंद केलं, तर ॲसिटिलकोलीनला कॅल्शियम मिळतं कुठून? आणि मग या स्नायूत विजेचं काम काय?

आणखी एक अडचण. फेब्रुवारीत हाच प्रयोग केला तेव्हा पोटॅशियमचं आकुंचन चांगलं मोठं होतं. आता जुलैत ते बरंच खाली आलंय. एके दिवशी तर निफेडिपिनचा काही परिणामच दिसला नाही. पद्धत तीच, वजनं तीच. कोणी सांगू शकेल का?

शरीरक्रिया_चिपळूण

तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि प्रकल्पाचा गाभा तोच कर असं मी म्हणेन. पुस्तकातले बाण हृदयाच्या स्नायूला शोभतात. श्वासनळीच्या अरेखित स्नायूत आकुंचनाला दोन वाटा आहेत आणि तू त्या दोन्ही एकाच पट्टीवर वेगळ्या करून पाहिल्या आहेस. अँड्र्यू आणि ॲव्हरिल सोम्लिओ यांनी १९६८ मध्ये रक्तवाहिन्यांच्या स्नायूवर काम करताना हा फरक नाव देऊन मांडला: व्होल्टेजमधून जाणारी ती इलेक्ट्रोमेकॅनिकल जोडणी, आणि व्होल्टेज बदलो न बदलो, रसायनातून थेट जाणारी ती फार्माकोमेकॅनिकल जोडणी.

आधी पोटॅशियमचा हिशेब. क्रेब्जमध्ये पोटॅशियम दोन क्षारांतून येतं, क्लोराइडमधून ४.७ आणि फॉस्फेटमधून १.२, म्हणजे ५.९ मिलिमोलर. पेशीच्या आत ते १४० धर. नर्न्स्टच्या समीकरणाने ३७ अंशांना पोटॅशियमचा समतोल उणे ८५ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. तू ६० घातलंस की बाहेरचं पोटॅशियम ६६ होतं आणि समतोल उणे २० वर येतो. स्नायूचा स्वतःचा व्होल्टेज शांत असताना उणे ५० ते ६० च्या पट्ट्यात असतो. तो उणे २० कडे ओढला जातो आणि व्होल्टेजने उघडणारी एल-प्रकारची कॅल्शियम चॅनेल उघडतात. पेशीत मोकळं कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर, तुझ्या बाथमध्ये २.५ मिलिमोलर, म्हणजे पंचवीस हजार पट. दार किलकिलं झालं तरी लोंढा आत येतो. ही वाट सगळी त्या एका दाराची, म्हणून निफेडिपिनने ती बंद पडते.

ॲसिटिलकोलीन दुसऱ्या वाटेने जातं. ते एम-३ रिसेप्टरला चिकटतं, तिथून जी-क्यू प्रथिन, तिथून फॉस्फोलायपेज-सी. हे एन्झाइम पटलातल्याच एका मेदाचे दोन तुकडे करतं, आयपी-३ आणि डायॲसिलग्लिसरॉल. आयपी-३ पाण्यात विरघळणारं, ते पेशीत आत जाऊन सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमवरचं, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारावरचं, चॅनेल उघडतं. साठा पेशीत आधीच भरलेला असतो. बाहेरच्या दाराला निफेडिपिनचं कुलूप असलं तरी घरातल्या कणगीतलं धान्य बाहेर येतंच.

इथून पुढे दोन्ही वाटा एक होतात. कॅल्मोड्युलिन कॅल्शियमचे चार आयन धरतं, त्याने मायोसिन लाइट चेन कायनेज जागं होतं, आणि ते मायोसिनच्या २० किलोडाल्टनच्या हलक्या साखळीवर १९ व्या सेरीनला फॉस्फेट बसवतं. तो बसला की मायोसिन ॲक्टिनला धरून ओढतं. अरेखित स्नायूत ट्रोपोनिन नसतो, म्हणून कंकाल स्नायूपेक्षा सगळं संथ: ग्राफ चढायला सेकंद लागतात, मिलिसेकंद नव्हे.

आता एक गोष्ट, जी बहुतेक विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते. ॲसिटिलकोलीनचं आकुंचन पोटॅशियमच्या दुपटीहून जास्त आलं ते केवळ कॅल्शियम जास्त सुटलं म्हणून, असं धरू नकोस. मायोसिनवरचा फॉस्फेट काढून टाकणारं फॉस्फटेज सतत काम करत असतं. एम-३ मधून र्‍हो-ए आणि र्‍हो-कायनेज ही जोडीही जागी होते आणि ती या फॉस्फटेजला दाबते. डायॲसिलग्लिसरॉलने जागं झालेलं प्रोटीन कायनेज-सी सीपीआय-१७ नावाच्या प्रथिनामार्फत तेच करतं. बसवणारा चालू आणि काढणारा बांधलेला, त्यामुळे तेवढ्याच कॅल्शियममध्ये ओढ जास्त. याला कॅल्शियम सेन्सिटायझेशन म्हणतात. तुझ्या दोन आकुंचनांमधल्या फरकाचा मोठा वाटा इथे आहे.

विजेचं काम काय, तर मदतनिसाचं. साठ्यातून कॅल्शियम सुटलं की पटलावरची कॅल्शियमने उघडणारी क्लोराइड चॅनेल उघडतात. अरेखित स्नायूत आतलं क्लोराइड बऱ्यापैकी जास्त असतं, ते बाहेर पडतं आणि व्होल्टेज शून्याकडे सरकतो. त्याने एल-चॅनेल थोडी उघडून भर घालतात. निफेडिपिननंतर ॲसिटिलकोलीनचं आकुंचन "थोडंसं" कमी झालं ना, ते थोडंसं म्हणजे हीच भर. पण ती बेफाम वाढत नाही, कारण त्याच कॅल्शियमने आणि व्होल्टेजने मोठ्या क्षमतेची पोटॅशियम चॅनेलही उघडतात आणि व्होल्टेजला मागे खेचतात. म्हणूनच शांत श्वासनळीच्या स्नायूत आतड्यासारखे ॲक्शन पोटेन्शियल उठत नाहीत. टेट्राइथिलअमोनियमने ही पोटॅशियम चॅनेल रोखली की तोच स्नायू झटके देऊ लागतो.

आणि साठ्यातलं कॅल्शियम एकदम सांडून संपत नाही. पेशीच्या एका टोकाला सुटतं, लांबीभर लाटेसारखं जातं, परत आत खेचलं जातं, पुन्हा सुटतं. ॲसिटिलकोलीन वाढवलं की लाटा जास्त भराभर येतात आणि आकुंचन त्या वेगावर ठरतं. तुझ्या पट्टीत असंख्य पेशी एकमेकींशी ताळमेळ नसलेल्या लाटा देत असतात, म्हणून ग्राफवर एक सलग रेघ दिसते.

क्रेब्ज_द्रावण

वरचं उत्तर सुरेख आहे. मी जुलैच्या भानगडीबद्दल लिहितो. ती कोकणातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत दर पावसाळ्यात होते.

पहिला संशय कॅल्शियम क्लोराइडवर. बाटली उघडून बघा, आत भुकटी आहे की ओलसर ढेकूळ? हा क्षार हवेतलं पाणी ओढतो आणि आपल्याकडे जुलैत हवेला पाण्याची कमी नाही. निर्जल क्षाराचा रेणुभार १११, दोन पाण्यांच्या क्षाराचा १४७, सहा पाण्यांच्याचा २१९. २.५ मिलिमोलरसाठी लिटरला ०.२८ ग्रॅम निर्जल लागतो. तेवढंच वजन दोन पाण्यांच्या क्षाराचं घेतलं तर हातात १.९ मिलिमोलर पडतं. सहा पाण्यांपर्यंत ओलावलं असेल तर १.३. तराजू बरोबरच दाखवतो, फक्त तो पाणीही मोजतो. आणि बाहेरचं कॅल्शियम घटलं की आधी मार खातं ते पोटॅशियमचं आकुंचन, कारण ते बाहेरूनच येतं. ॲसिटिलकोलीनवर लगेच तितका फरक पडत नाही. तुमची तक्रार नेमकी तीच आहे.

उपाय: नवी बाटली उघडली की त्याच दिवशी दोन पाण्यांचा क्षार १४.७ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटरचं १ मोलर द्रावण करून ठेवा. केमिस्ट्री विभागात ईडीटीएने एकदा टायट्रेट करून घ्या. मग दर लिटर क्रेब्जला २.५ मिलिलिटर. पुढे पाऊस कितीही पडो, बाटलीला हात लावायचा नाही.

ते घालायचं सगळ्यात शेवटी, बाकीचे क्षार विरघळून कार्बोजन किमान १०-१५ मिनिटं बुडबुडल्यावर. आधी घातलंत तर बायकार्बोनेट आणि फॉस्फेटबरोबर पांढरा गढूळपणा येतो आणि कॅल्शियम तळाला बसतं.

कार्बोजन म्हणजे ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच हवा. सिलिंडर संपला म्हणून माशांच्या टाकीचा पंप लावू नका. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड नगण्य असतो, २५ मिलिमोलर बायकार्बोनेटचा पीएच ७.४ वरून ८ च्या वर चढतो, कॅल्शियम बाहेर पडतं आणि ॲसिटिलकोलीनही अल्कलीत तुटतं. हवेवरच काम भागवायचं असेल तर बायकार्बोनेट काढून हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं बफर) १० मिलिमोलर घाला आणि पीएच ३७ अंशांनाच ७.४ ला आणा.

ॲसिटिलकोलीन क्लोराइडही तितकंच ओलं होतं. बाटली फ्रीजमधून काढल्याबरोबर उघडू नका. गार काचेवर हवेतलं पाणी जमतं, तसं आतल्या भुकटीवरही. डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण काढा. स्टॉक किंचित आम्ल ठेवा आणि रोज ताजं करा.

निफेडिपिनचा "परिणामच दिसला नाही" तो दिवस. हे औषध उजेडात मरतं. खिडकीजवळ साध्या काचेच्या ट्यूबमध्ये तासभर राहिलं असेल तर तुम्ही पट्टीला औषध दिलंच नाहीत असं समजा. इथेनॉल किंवा डीएमएसओमध्ये १० मिलिमोलर स्टॉक करा, फॉइल गुंडाळा, बाथलाही फॉइल लावा, ट्यूबलाइट बंद. २० मिलिलिटरच्या बाथमध्ये १ मायक्रोमोलरसाठी २ मायक्रोलिटर पुरतात. तेवढंच नुसतं इथेनॉल दुसऱ्या पट्टीला देऊन तुलना हवीच.

आणि पोटॅशियम देण्याआधी ॲट्रोपिन (ॲसिटिलकोलीनचे एम रिसेप्टर अडवणारं औषध) १ मायक्रोमोलर घालता का? पट्टीत व्हेगसच्या शेवटच्या तंतूंची टोकं जिवंत असतात. पोटॅशियम त्यांचाही व्होल्टेज बदलतं आणि त्यांतून ॲसिटिलकोलीन सुटतं. मग तुम्ही ज्याला विजेचं आकुंचन म्हणता त्यात रासायनिक आकुंचन मिसळलेलं असतं. निफेडिपिननंतर उरलेल्या त्या "जवळजवळ"मध्ये हाही भाग असू शकतो. चेतांना मुद्दाम उत्तेजित करायचं असेल तर प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून ०.५ मिलिसेकंदाचे स्पंद, १ ते ३२ हर्ट्झ, एका वेळी १० सेकंद. स्पंद लांबवले की वीज चेता सोडून थेट स्नायूवर बसते. चेतांचं उत्तर आहे याची खात्री चेतांचे संदेश बंद पाडणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिनने करतात, आपल्या किनाऱ्यावरच्या केंड माशात असतं तेच विष. तृतीय वर्षाच्या प्रयोगशाळेत ते आणू नये. ०.५ मिलिसेकंदाला आलेलं आकुंचन ॲट्रोपिनने पूर्ण गेलं, एवढा पुरावा तुमच्या कामाला पुरे.

रत्नागिरी_तिसरं_वर्ष

दोघांचेही मनापासून आभार. कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीत खरंच ढेकूळ आहे, चमचा रुततो इतकं ओलं. ॲट्रोपिन घालत नव्हतो. निफेडिपिनची ट्यूब स्टँडवर उघडी असायची, खिडकीसमोर.

दोन प्रश्न अजून. साठ्यातलं कॅल्शियम आहे हे माझ्या पट्टीवर दाखवता येईल का, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप नसताना? आणि व्हायव्हामध्ये विचारतील म्हणून: निफेडिपिनने दम्यात फायदा होत नाही याचं कारण हेच का?

छातीरोग_कुडाळ

होय, मुख्य कारण हेच. दम्यात स्नायूला हुकूम येतो तो ॲसिटिलकोलीन, मास्ट पेशींमधलं हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन यांच्याकडून. हिस्टामिनचा एच-१ आणि ल्युकोट्राइनचा सिस-एलटी-१, दोन्ही रिसेप्टर त्याच जी-क्यूच्या वाटेवर आहेत. एल-चॅनेल बंद करून ती वाट अडत नाही. रक्तदाबासाठी निफेडिपिन घेणाऱ्या दमेकऱ्याला त्याने अपाय होत नाही, पण त्याचा दमाही त्याने सुटत नाही. उलट बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल मात्र दमेकऱ्याला देऊ नये, डोळ्यांत घालायचे त्याच गटातल्या टिमोलॉलचे थेंबसुद्धा नकोत.

का, तर सोडवणारी वाट बीटा-२ ची आहे. माणसाच्या श्वसनीच्या स्नायूला सिंपथेटिक चेता जवळजवळ नाहीत, रक्तातून येणारं ॲड्रेनालिन तेवढं बीटा-२ वर बसतं. दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल तेच करतं: जी-एस, ॲडेनिलिल सायक्लेज, सायक्लिक एएमपी, प्रोटीन कायनेज-ए. त्याने कॅल्शियमच्या लाटा मंदावतात, मोठी पोटॅशियम चॅनेल उघडतात आणि मायोसिनवर फॉस्फेट बसवणं घटतं. एका रिसेप्टरला न अडवता खालची सगळी यंत्रणा सैल करतं, म्हणून हुकूम कुणाचाही असो, ते चालतं. इप्राट्रोपियम फक्त ॲसिटिलकोलीनची वाट अडवतं. तीव्र झटक्यात नेब्युलायझरमधून दोन्ही एकत्र देतात, सालब्युटामॉल २.५ ते ५ मिलिग्रॅम आणि इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम, ते दोन बाजूंनी धरण्यासाठी.

व्हायव्हाला आणखी एक विचारतील: चेतांच्या टोकांवरचा एम-२ रिसेप्टर. सुटलेलं ॲसिटिलकोलीन त्यावर बसून पुढचं सुटणं कमी करतं. विषाणूच्या संसर्गात हा लगाम सुटतो, म्हणून साध्या सर्दीनंतर दमा उसळतो.

हा विषय आपल्या भागात फार जवळचा आहे म्हणून एवढं लिहितो. आंब्याच्या मोहरावर तुडतुड्यांसाठी फवारणी होते, तेव्हा ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध अंगावर किंवा श्वासात गेलं तर ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइमच बंद पडतं. तुझ्या बाथमध्ये फिजोस्टिग्मिन (तेच एन्झाइम रोखणारं) घातल्यासारखं. ॲसिटिलकोलीन साचत जातं, एम-३ सतत दाबलेला राहतो, श्वसनी आवळते आणि वर स्रावाने भरते. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला लाळ, घाम, छातीत घरघर. फवारणी करणाऱ्याला असं दिसलं की कपडे काढून अंग साबणाने धुवा, धुताना हातमोजे घाला, आणि ताबडतोब रुग्णालय. दमा समजून इनहेलरचा पंप देत बसू नका. पंपाने स्नायू थोडा सुटेल, स्राव थांबणार नाही.

रुग्णालयात प्रौढाला ॲट्रोपिन शिरेतून ०.६ मिलिग्रॅमच्या ३ ते ५ ॲम्प्यूल, फरक नसेल तर दर ५ मिनिटांनी मात्रा दुप्पट. थांबायचं कधी हे बाहुल्यांवर ठरवू नये, छाती कोरडी झाली का, हृदयाचे ठोके ८० च्या वर आले का, यावर ठरवावं. आणि ॲट्रोपिन स्नायूंचा अशक्तपणा काढत नाही, तो निकोटिनिक रिसेप्टरचा, म्हणजे ॲसिटिलकोलीनच्याच दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरचा. श्वसनी मोकळी होऊनही रुग्णाचा श्वास थकून थांबू शकतो, म्हणून पुढचे दिवस त्याच्यावर डोळा ठेवावाच लागतो.

शरीरक्रिया_चिपळूण

मायक्रोस्कोपशिवाय साठा दाखवता येतो, आणि तुझ्याकडे आहे त्याच सामानावर.

कॅल्शियम क्लोराइड न घालता क्रेब्ज कर आणि त्यात ईजीटीए (उरलंसुरलं कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) ०.१ मिलिमोलर घाल. ईजीटीए नुसत्या पाण्यात विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८ कडे नेऊन १०० मिलिमोलरचा स्टॉक कर, त्यातलं लिटरला १ मिलिलिटर. शेवटी पीएच पुन्हा बघ.

आधी नेहमीच्या क्रेब्जमध्ये ॲसिटिलकोलीन १० मायक्रोमोलर देऊन उंची नोंदव आणि तीनदा धू. मग कॅल्शियमविना द्रावणाने तीनदा बदलून फक्त ५ मिनिटं थांब. जास्त थांबलास तर साठाच झिरपून जातो आणि मग उत्तर आलं नाही की कळत नाही दोष कुणाचा. आता ॲसिटिलकोलीन दे. आकुंचन उठेल, पण टिकणार नाही, डोंगरासारखं चढून उतरेल. ते साठ्याचं. कॅल्शियमविना द्रावणातच धुऊन पुन्हा दे: या वेळी जवळजवळ काही नाही, कणगी रिकामी.

खरी गंमत पुढे आहे. निफेडिपिन घातलेल्या नेहमीच्या क्रेब्जमध्ये २० मिनिटं ठेव, मग पुन्हा कॅल्शियमविना ५ मिनिटं, पुन्हा ॲसिटिलकोलीन. डोंगर परत आला तर साठा एल-चॅनेल बंद असतानाही भरला. हे भरण्याचं काम करणारी चॅनेल वेगळी आहेत, ओराय-१ नावाची. साठा रिकामा झाल्याचं रेटिक्युलममधलं स्टिम-१ हे प्रथिन ओळखतं आणि त्यांना उघडतं.

एक तपासणी सोडू नकोस: शेजारच्या पट्टीला कॅल्शियमविना द्रावणात ॲट्रोपिनसह पोटॅशियम ६० दे. ३ मोलरच्या स्टॉकमधलं ०.४ मिलिलिटर २० मिलिलिटरमध्ये. रेघ सपाट राहायला हवी. थोडीही उठली तर बाहेर कॅल्शियम कुठेतरी उरलंय, बाथची नळी आणि वरची टाकी आधी धू. बाथच्या आतल्या काचेवर पांढरा थर दिसत असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढ आणि डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा विसळून मगच नवी पट्टी लाव.